दोन चांगले शब्द

अक्काने बेल वाजवली नाही, ती दाबूनच धरली. थोरली हात पुसत दार उघडायला गेली तेव्हाच तिने ओळखलं, की आज जेवण कुणाला गोड लागायचं नाही. रविवारी दुपारी भावाकडे जेवायला यायचं हा अक्काचा जुना शिरस्ता. एरवी ती येताना फळं आणायची. आज हात रिकामे होते आणि नाकाचा शेंडा लाल.

"कुठंय तो?"

"धाकटे भाऊजी? आंघोळीला गेलेत."

"धाकटा नाही गं. तुझा नवरा!"

थोरला टेबलावर ताटल्या मांडत होता. बहिणीचा आवाज ऐकून त्याने मान वर केली आणि पुन्हा ताटल्यांत घातली. आप्पा खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. वाचत नव्हते, नोकऱ्यांच्या जाहिरातींवर पेन्सिलीने गोल करत होते. धाकट्याला ते पान संध्याकाळी मिळायचं, आणि आप्पांनी गोल केलेल्या प्रत्येक जागेसाठी तो निमूटपणे अर्ज करायचा.

"त्या बॉयलरवाल्या कंपनीत धाकट्याचं का नाही झालं, ठाऊक आहे?" अक्का उभ्याउभ्याच म्हणाली. "ऑफिसात माझ्या शेजारी बसते त्या बाईचा नवरा तिथं आहे, त्याने सांगितलं. सगळ्या मुलाखती झाल्या, मोठ्या साहेबाला पोरगा पसंत पडला. राहिलं होतं काय, तर या शहरातल्या कुणा ओळखीच्या माणसाला एक फोन. तो त्यांनी याला केला. आणि सख्ख्या भावाने मोडता घातला."

धाकटी स्वयंपाकघरातून भाताचं भांडं घेऊन येत होती. ती तशीच दारात थबकली.

"काय म्हणालास तू त्यांना?" अक्काने विचारलं.

"विचारलं ते सांगितलं."

"काय सांगितलंस?"

थोरल्याने एक चमचा उचलून पुन्हा नीट ठेवला. "म्हटलं, बरा आहे. मेहनती आहे. शिकेल."

मग खिडकीपाशी आप्पा हसले. त्यांचं हसू दाढेत दुखल्यासारखं असायचं.

"मग काय चुकलं त्याचं?" आप्पा म्हणाले. "घरच्या माणसाचे ढोल बाहेर पिटायचे का?"

या घरची रीतच तशी होती, आणि ती आप्पांनी घालून दिलेली. बाकी जगात आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. या घरात नेमकं उलट. थोरला इंजिनिअरिंगला पहिला आला तेव्हा आप्पा म्हणाले होते, "पेपर सोपे काढले असतील." अक्काला बढती मिळाली तेव्हा, "दुसरं कुणी तयार नसेल." आपल्या हाताखाली कारखान्यात लागलेल्या धाकट्याबद्दल कुणी चांगलं बोललं, की ते विषय बदलून हवेवर नेत. मुलं हे सगळं हसण्यावारी न्यायला शिकली होती. आप्पांनी नाक मुरडलं म्हणजे काम फक्कड झालंय, असा हिशेब त्यांनी आपसात लावून ठेवला होता, आणि मोठं झाल्यावर तीच सवय त्यांच्याही जिभेला लागली.

"आप्पा, ते आपल्या गावात ठीक होतं," अक्का म्हणाली. "तिथं तुमचं 'बरा आहे' ऐकून लोक समजायचे, की पोरगा हिरा आहे. इथं 'बरा आहे' म्हणजे बरा. आणि बरे इंजिनिअर या शहरात फुटपाथवर मिळतात सध्या. माझ्या इमारतीत एक आहे, पूल बांधायचा. आता लिफ्टचं दार लावतो."

हे मात्र खोटं नव्हतं. गावातला कारखाना बंद पडला, आप्पांनी किल्ल्या परत दिल्या आणि धाकटा, धाकटी व आप्पा असे तिघं थोरल्याच्या दोन खोल्यांत येऊन राहिले, तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, चार दिवसांचा प्रश्न आहे. मोठं शहर, पन्नास कंपन्या, कुठंतरी चिकटेल. पण गावातला कारखाना ज्या मंदीने खाल्ला तीच मंदी त्यांच्या आधीच शहरात येऊन बसली होती. मोठ्या कंपन्या माणसं काढत होत्या आणि काढलेली माणसं छोट्या कंपन्यांच्या दारात उभी होती. धाकट्याला सगळीकडे एकच प्रश्न येई, या शहरातला अनुभव किती? अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही. अशा वेळी ओळखीच्या माणसाचा शब्द तेवढा चालायचा, आणि धाकट्याच्या कामाची ओळख असलेला या शहरात एकच माणूस होता, त्याचा दादा.

धाकटा ओले केस पुसत बाहेर आला. दार पातळ होतं, सगळं ऐकलंच असणार त्याने. पण चेहऱ्यावर राग नव्हता.

"सोड ना, अक्का," तो म्हणाला. "दादा दुसरं काय म्हणणार होता? शाळेत मला बक्षीस मिळालं तेव्हा यानेच सरांना विचारलं होतं, चुकून नाही ना दिलं."

अक्काला हसू आवरेना. धाकटीला मात्र हसू आलं नाही. तिने भात टेबलावर जरा जोरातच ठेवला.

थोरलीने पाण्याचे पेले भरायला घेतले, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. तो फोन आला तेव्हा ती बाल्कनीत कपडे वाळत घालत होती आणि नवरा आत, तिच्याकडे पाठ करून बोलत होता. 'बरा आहे, शिकेल' असं तो म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता, "कामाला वाघ आहे. पण टेस्टिंगवर त्याला एकटा सोडू नका. वर कुणीतरी जाणतं माणूस ठेवा." समोरून काहीतरी विचारलं गेलं, त्यावर तो म्हणाला होता, "भाऊ आहे म्हणूनच सांगतोय."

तिने तेव्हा विचारलं नव्हतं. संसारात काही गोष्टी विचारल्या की ठेवायला जागा लागते, आणि या घरात जागा नावाची गोष्ट आधीच उरली नव्हती.

"आता ऐका सगळे," अक्का खुर्ची ओढून बसली. "मी आणखी एक बघितलंय. पाइपलाइनवाले. शहराबाहेर लांबवर लाइन टाकतायत. त्यांचा टेस्टिंगचा माणूस काम टाकून गेला आणि उद्या कामगारांची टोळी निघायचीय. मॅनेजर माझ्या ओळखीतून आहे. धाकट्याशी काल बोलून झालंय त्याचं. आज दुपारी तो याला फोन करेल." तिने थोरल्याकडे बोट केलं. "तुला फक्त दोन चांगले शब्द बोलायचेत. दोन! जीभ झडणार नाही तुझी."

"मी बोलेन," थोरला म्हणाला.

"काय बोलशील? आत्ता बोलून दाखव."

"अक्का, जेवू दे त्याला," आप्पा म्हणाले. पण आता त्यांचं हसू मावळलं होतं. ते थोरल्याकडे बघत होते, आणि थोरला त्यांच्याकडे बघत नव्हता. थोरलीने हे टिपलं.

जेवण झालं म्हणजे ताटल्या रिकाम्या झाल्या, एवढंच. अक्का अधूनमधून भावाला वाक्यं पढवत होती, "म्हणायचं, जबाबदार आहे, म्हणायचं, डोळे मिटून काम सोपवा." धाकटा मध्येच म्हणाला, "आणि दिसायलाही बरा आहे म्हणावं," आणि एकटाच हसला.

भांडी घासताना धाकटी थोरलीच्या शेजारी उभी राहिली. नळ मोठा सोडून ती हळू आवाजात बोलू लागली.

"ताई, परवा हे कुठं गेले होते, माहितेय? टॅक्सीवाल्यांकडे. ड्रायव्हर हवेत म्हणून. मला सांगितलं नाही, मी खिशातल्या कागदावरून विचारलं. तिथंही रांग. आणि शिक्षण विचारल्यावर यांनी इंजिनिअर म्हणून सांगितलं, तर त्यांनी घेतलंच नाही. म्हणे तुम्ही टिकणार नाही." तिने पेला दोनदा विसळला. "इंजिनिअर म्हणून इंजिनिअरिंगला घेत नाहीत आणि इंजिनिअर म्हणून टॅक्सीलाही घेत नाहीत. माणसाने करायचं काय?"

"होईल काहीतरी," थोरली म्हणाली. असं म्हणायचं असतं म्हणून.

"दादांना तुम्ही सांगा ना. ते तुमचं ऐकतात."

"ते कुणाचं ऐकतात असं मला अजून दिसलेलं नाही."

"आम्हाला कळतं हो, ताई," धाकटी म्हणाली, आणि आता ती रडवेली झाली. "तुमची खोली आम्ही घेतली. तुम्ही दोघं इथं ओट्याखाली गाद्या टाकता. सकाळी मी चहाला येते तर तुम्ही माझ्याआधी उठून गाद्या गुंडाळलेल्या असतात, म्हणजे मला दिसू नये म्हणून. मला दिसतं सगळं."

थोरलीने घासलेली ताटली पुन्हा घासायला घेतली. ती चांगली बाई होती, निदान आजवर लोक तसं म्हणत आले होते. पण रोज सकाळी गादी गुंडाळताना तिच्या मनात जे येत असे ते चांगल्या बाईच्या मनात यायचं नसतं. औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभं राहायचं, घरी यायचं, आणि पाठ टेकायलाही कुणीतरी आधी झोपायला जाण्याची वाट बघायची. सासऱ्यांच्या खोकल्याचा सूर तिला पाठ झाला होता. आपण यांच्यावर चिडतो आहोत, हे कळून ती स्वतःवर चिडायची, आणि मग दुप्पट गोड बोलायची. बोलून बोलून तिचा जीव आंबला होता.

"बघते मी," ती म्हणाली.

थोरला बाल्कनीत होता. खाली रस्त्यावर एक माणूस दुकानाच्या शटरला नवं कुलूप लावत होता. थोरलीने बाल्कनीचं दार मागे ओढून घेतलं.

"त्या दिवशी तुम्ही फोनवर काय म्हणालात ते मी ऐकलंय," ती म्हणाली. "बरा आहे, शिकेल असं नव्हतं ते."

तो दचकला नाही. उलट जरा सैल झाल्यासारखा दिसला.

"मग तू एवढे दिवस बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठं बोललात? सगळ्यांना वाटतंय, तुम्ही आप्पांसारखं नाक मुरडलंत. तुम्ही तर पायच कापलात त्यांचे. का?"

थोरल्याने रस्त्याकडे बघतच सांगितलं. गावात कारखान्यातला तो अपघात, ज्यात एका फिटरचा डोळा गेला, तो थोरलीला ठाऊक होता. गॅस्केट, म्हणजे जोडातली चकती, खराब निघाली म्हणून नळाचं झाकण उडालं, असंच तिने ऐकलं होतं. सगळ्यांनीच तसं ऐकलं होतं.

"मी तेव्हा सुट्टीला गेलो होतो ना गावी," तो म्हणाला. "आप्पांना भेटायला शेडमध्ये गेलो होतो. मोठ्या नळाचं टेस्टिंग चालू होतं, पाणी भरून प्रेशर चढवलेलं. एका जोडातून पाणी ठिबकायला लागलं. लीक दिसलं की आधी प्रेशर उतरवायचं, मगच पाना लावायचा. हे पहिल्या दिवशी शिकवतात. पण उतरवून पुन्हा भरायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो, आणि तपासनीस घड्याळ बघत बसलेला. धाकटा फिटरला म्हणाला, अर्धा आटा आवळ, बंद होईल. फिटर म्हणाला, साहेब, उतरवू या. धाकटा म्हणाला, काही होत नाही रे." तो थांबला. "मी दारात होतो. ओरडेपर्यंत झालंसुद्धा."

"आणि गॅस्केट?"

"गॅस्केट आप्पांनी अहवालात लिहिली."

दार सरकल्याचा आवाज झाला. आप्पा उंबऱ्यात उभे होते. केव्हापासून होते कुणास ठाऊक. या घरात भिंतीला कान नव्हते, पण दाराला सासरे होते.

"हो, मीच लिहिली," आप्पा म्हणाले. "माझं पोर होतं. तुरुंगात धाडू?"

"त्या फिटरकडे गेलात कधी, आप्पा?"

"गेलो होतो." आप्पांनी दाराची चौकट धरली. "त्याने मला खुर्ची दिली. चहा पाजला. म्हणाला, धाकट्या साहेबांना सांगा, मनाला लावून घेऊ नका." मग त्यांनी चौकट सोडली. "मी ते एकदा केलं, थोरल्या. तुला एकदाच करायचंय. मघाशी तुझ्या बाजूने बोललो, कारण मला वाटलं, तू नेहमीसारखं बोलला असशील. आपल्यात ते चालतं. पण हे चालत नाही. सख्ख्या भावाचा घास काढायचा?"

"आणि पुढच्याचा डोळा गेला तर?"

"दर वेळी जातो काय?"

"काही होत नाही रे, असंच ना?" थोरला म्हणाला.

आप्पांचा चेहरा पडला. ते वळले आणि आत गेले. जाताना त्यांनी दार लावलं नाही, म्हणून थोरलीने लावलं.

"अहो, ते बदललेत," ती म्हणाली. "मी बघते ना रोज. गॅसचं बटण बंद केलं की पुन्हा जाऊन बघतात. इस्त्रीची पिन काढली की हात लावून बघतात. माणूस एकदा पोळला की—"

"भ्यालाय तो. अजून त्याच्या मनात आहे, की चूक आपली होती. तोंडाने गॅस्केट म्हणतो, पण मनात आहे. म्हणून तर म्हटलं, वर कुणी असेल तर तो उत्तम काम करील. मी खोटं काहीच नव्हतो बोललो, कळतंय का तुला? शिफारसच केली होती मी त्याची. त्यांना ती पुरली नाही."

"मग या वेळी पुरेल अशी करा."

"या वेळी तो एकटा असणार आहे. माळावर. वर कुणी नाही."

थोरलीने बाल्कनीचा कठडा धरला. समजूत घालायची म्हणून तिने मनात बरंच काही जुळवून आणलं होतं, धाकटीचं रडणं, टॅक्सीची रांग, आप्पांचं वय. पण ते ओठावर आलंच नाही.

"मला माझी खोली हवी आहे," ती म्हणाली.

तो तिच्याकडे वळला.

"मला माझ्या खोलीत दार लावून झोपायचं आहे. मी वाईट आहे, असं म्हणा. पण आता मला होत नाही. तुमच्या खरं बोलण्याची किंमत सगळे मिळून भरतायत, आणि त्यातली सगळ्यात जास्त मी भरतेय. तुम्ही भरा ना एकदा."

थोरल्याने तिच्याकडे असं पाहिलं, की तिला वाटलं, आपण याच्या मुस्काटात मारली आहे. ती थप्पड मागे घेण्यासारखी नव्हती आणि तिला घ्यायचीही नव्हती. तेवढ्यात आत फोन वाजला आणि अक्का ओरडली, "आला! अरे, आला!"

सगळे टेबलाभोवती जमले. अक्काने फोनचा आवाज मोठा करायला लावला, सगळ्यांना ऐकू यायला हवं होतं. भावावर तिचा विश्वास उरला नव्हता, हे तिने लपवलंही नाही. धाकटा भिंतीला टेकून उभा राहिला, हाताची घडी घालून, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय. धाकटीने डोळे मिटून घेतले.

मॅनेजरचा आवाज दमलेला पण बरा माणूस असावा असा होता. रविवारी त्रास देतोय म्हणून त्याने माफी मागितली.

"तुमचे बंधू आहेत म्हणून सरळच विचारतो," तो म्हणाला. "कागदावर सगळं छान आहे. बोलायलाही आवडले मला. पण माझी अडचण अशी, की हे काम लांब आहे. टेस्टिंगची टोळी त्यांच्या हाताखाली राहील आणि वर कुणी नसेल. पोरं नवीन आहेत. मुदत उलटलेली, वरून रोज ओरडा. अशा वेळी माणूस घाईला येतो. हे येतील का?"

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरची शीर ताठली होती. आप्पांनी चष्मा काढून हातात धरला होता. भाऊ काय बोलतो हे ऐकायला नको म्हणून की काय, धाकटा खिडकीबाहेर बघू लागला होता.

"नाही," थोरला म्हणाला.

अक्काचा हात तोंडावर गेला.

"नाही, घाईला येणार नाही तो," थोरला म्हणाला. त्याचा आवाज एकदम मोकळा झाला, आणि तो बोलत सुटला. "त्याला मी लहानपणापासून बघतोय. लीक दिसलं तर आधी प्रेशर उतरवेल, अर्धा दिवस जावो की अख्खा. तपासनीस डोक्यावर बसला तरी त्याला सांगेल, तुम्ही उद्या या. हाताखालच्या माणसाचं ऐकणारा आहे. फिटर म्हणाला थांबू या, तर थांबेल. मी स्वतः या धंद्यात इतकी वर्षं आहे, पण टेस्टिंगला माझ्याहून त्याचा हात चांगला आहे. मी तुमच्या जागी असतो तर विचारत बसलो नसतो."

एवढं लांब, एवढं गोड आणि एवढं पद्धतशीर खोटं तो बोलू शकतो, हे थोरलीला लग्नाच्या इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. एकेका वाक्यात तो त्या दिवशी शेडमध्ये जे घडायला हवं होतं आणि घडलं नव्हतं, ते सांगत होता.

"बास, मला एवढंच हवं होतं," मॅनेजर म्हणाला. "भाऊ भावाबद्दल सहसा हातचं राखून बोलतो. तुम्ही इतकं म्हणताय म्हणजे झालं. त्यांना म्हणावं, उद्या सकाळी बॅग घेऊनच या. टोळीच्या गाडीनेच निघायचंय. घराची सोय आमच्याकडे आहे, दोघांपुरती."

फोन बंद झाला आणि अक्काने किंकाळीच फोडली. धाकटी खाली बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली, कारण धाकटीच्या शेजारी तीच होती. अक्का भावाच्या गळ्यात पडून म्हणत होती, "बघ, गेली का जीभ झडून? बघ!" आप्पांनी चष्मा घातला, घसा खाकरला.

"मुदत उलटलीय म्हणतायत," ते म्हणाले. "दुसरं कुणी मिळालं नसेल त्यांना."

यावर सगळे इतके हसले, की धाकटीसुद्धा रडता रडता हसली. बऱ्याच दिवसांनी त्या घरात असा हशा पिकला. थोरला मात्र फोन हातात घेऊन तसाच बसला होता, आणि धाकटा भिंतीपासून हलला नव्हता. तो दादाकडे बघत होता. चेहरा असा, की थोरलीला आधी वाटलं, त्याला राग आलाय.

"दादा," धाकटा म्हणाला.

हसू ओसरलं.

"तू मला कधी चांगलं म्हटलं नाहीस," तो म्हणाला. "म्हणजे, आपल्यात कुणी म्हणत नाही, ठीक आहे. पण तू त्या दिवशी शेडच्या दारात होतास. मी तुला पाहिलं होतं. त्यानंतर तू माझ्याशी कामाबद्दल एक शब्द बोलला नाहीस. आप्पा म्हणाले गॅस्केट, सगळे म्हणाले गॅस्केट. पण मला वाटायचं, दादाने पाहिलंय. दादाला माहितेय. मुलाखतीला जायचो तर बाहेर बसल्याबसल्या हात कापायचे माझे. आत गेलो की नीट बोलताच यायचं नाही. वाटायचं, मला काम देऊच नये कुणी." त्याने नाक पुसलं आणि हसला. हसताना तो एकदम लहान दिसला. "आणि आज तू म्हणतोस, लीक दिसलं तर आधी प्रेशर उतरवेल. तू म्हणतोस! तू तर सख्ख्या भावासाठीही खोटं बोलणाऱ्यातला नाहीस. म्हणजे तू जे पाहिलंस, त्यात माझी चूक नव्हती. मीच उगाच मनाला लावून घेतलं होतं. हो ना? आता नाही भीती वाटायची मला, दादा. आता वर कुणी नसलं तरी चालेल."

थोरल्याने फोन टेबलावर ठेवला. तो उठून उभा राहिला. आप्पा खाली बघत होते. अक्काला काही कळत नव्हतं, ती या चेहऱ्याकडून त्या चेहऱ्याकडे बघत होती.

थोरलीला दिसलं, की नवरा आता सांगणार. तोंड उघडलंच होतं त्याने. अजून वेळ होता. एक फोन, दोन वाक्यं, आणि उद्या सकाळची ती गाडी धाकट्याशिवाय गेली असती. धाकटा इथंच राहिला असता, हात कापत का होईना. ती खोलीही तशीच राहिली असती, आणि त्या गाद्या.

"नव्हतीच तुमची चूक, भाऊजी," थोरली म्हणाली. "यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. गॅस्केटच खराब होती."

थोरल्याने तोंड मिटलं. त्याने बायकोकडे पाहिलं नाही, तेव्हाही नाही आणि त्यानंतर बरेच दिवस नाही.

धाकट्याने मोठा श्वास सोडला, डोळे पुसले, आणि बॅग काढायला तो आतल्या खोलीत गेला. जाता जाता त्याने धाकटीला सांगितलं, की जाडे बूट घे, पण ते कामावर डोळ्यांना लावायचे चष्मे राहू दे, उगाच जागा खातात.